घाट तिसऱ्या गिअरवर

४ मे, रविवार
निर्णय झाला. इंजिन नवं बांधणार.

शुक्रवारी चिंगीच्या ॲडमिशनला गेलो होतो. लेकीला घाटापलीकडच्या पशुवैद्यकीय कॉलेजात जागा मिळाली, तिथवर सगळं छान. येताना घाटात गाडीने मान टाकली. आधी तिसरा गिअर सोडला, मग दुसरा, मग पहिल्यातही नुसतं घुं घुं. शेवटी थांबली ती थांबलीच, शिवाय उलटी घसरायला लागली. चिंगीने खाली उडी मारून कडेचा एक भलामोठा दगड आणून चाकाला लावला म्हणून निभावलं. तेवढ्यात पाण्याच्या टाक्या लादलेला एक टेम्पो आम्हाला ओलांडून गेला. ड्रायव्हरने जाता जाता टाटा केला! चिंगी रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसत होती. मला नाही हसू आलं. सोळा वर्षं जिला घरच्या माणसासारखं जपलं, तिने लेकीसमोर अशी शोभा करावी?

६ जुलैला चिंगीला हॉस्टेलवर सोडायचं आहे. मी सोडणार. ह्याच गाडीने. घाट तिसऱ्या गिअरवर. तसा शब्द दिलाय तिला. ती म्हणाली, बाबा, बसनेही जाऊ की, तुम्ही फक्त सोबत या. मी म्हटलं, बसचं नाव काढायचं नाही.

नेहमीचा मेकॅनिक म्हणतो, रिंगा आणि गॅस्केट बदला, आठवड्यात गाडी देतो, तेवढं पुरे. हीसुद्धा म्हणते, पुरे. या घराला 'पुरे' या शब्दाने खाल्लंय. मी वीस वर्षं पंख्यांच्या कारखान्यात परचेस बघतोय. खरेदी मला कोणी शिकवू नये. साधी दुरुस्ती करणार नाही. पर्फॉर्मन्स बिल्ड करणार. कंपनीने दिली त्याच्या दीडपट ताकद.

५ मे, सोमवार
कामाला सुरुवात. टपावरचं कॅरियर काढलं. वाऱ्याला अडतं, शिवाय वजन. भंगारवाल्याला देऊन टाकलं. तो म्हणाला, चांगलं आहे हो, कशाला काढता? पर्फॉर्मन्स म्हणजे काय हे त्याला कुठून कळणार.

हिने विचारलं, हॉस्टेलचं सामान कशावर जाणार? मी म्हटलं, आधी इंजिन, मग सामान. ही आत जाऊन भावाला फोन लावून बसली. कशाबद्दल ते कळलं नाही. बहीण-भावाचं काय, दिवसातून दोनदा बोलतात.

१० मे, शनिवार
तीन कोटेशनं मागवली. तीन कोटेशनांशिवाय मी पेनसुद्धा घेत नाही. ऑफिसात यावरून मला मागून 'कोटेशन' म्हणतात, मला माहीत आहे. म्हणोत. आजवर कारखान्याचा एक पैसा बुडवलेला नाही.

मोबाईलवर 'पिस्टन परिवार' नावाच्या ग्रुपात शिरलो. तिथे दोन तट आहेत. एक म्हणतो बजेट पार्ट घ्या, ओतीव पिस्टन, रस्त्यावरच्या गाडीला काय धाड भरते? दुसरा म्हणतो प्रीमियम घ्या, घडीव पिस्टन, नाहीतर इंजिनला हातच लावू नका. सकाळपासून वाचतोय. दोघांचंही पटतं. जो शेवटी लिहितो त्याचं जास्त पटतं.

दुपारी तत्त्व ठरवलं: आत प्रीमियम, बाहेर बजेट. जिथे स्फोट होतो तिथे कंजूषी नको. झाकणं, पाइप असल्या दिसणाऱ्या वस्तू साध्या चालतील. हे तत्त्व मोठ्या अक्षरांत लिहून पार्किंगमधल्या भिंतीला चिकटवलं.

११ मे, रविवार
इंजिन बाहेर काढलं. मदतीला मेहुणा आला होता. म्हणजे मी बोलावलं नव्हतं, हिने बोलावलं. त्याची ती करडी गाडी. कंपनीने दिली तशीच्या तशी. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा त्याने दोन वर्षांनी काढलं. असल्या माणसाला इंजिनातलं काय सांगायचं? साखळी ओढता ओढता म्हणतो, दाजी, कशाला एवढा खटाटोप, साधं करून घ्या ना. मी म्हटलं, साखळी नीट धर.

इंजिन खाली आलं तेव्हा बॉनेटच्या आत नुसता खड्डा. बॉनेट लगेच लावून टाकलं. उगाच धूळ जाते.

१४ मे, बुधवार
हॉस्टेलची यादी आली. बादली, मग, कुलूप, गादी. चिंगी म्हणाली, बाबा, गादी बघायला रविवारी जाऊ या? तुम्ही खरेदीतले आहात. बरं वाटलं. निदान एकाला तरी कदर आहे. पण शनिवार-रविवार इंजिन तासून घ्यायला खरादवाल्याकडे जायचं आहे. पुढच्या रविवारी नक्की.

१७ मे, शनिवार
इंजिनचा ब्लॉक खरादवाल्याकडे पोचवला. अत्यंत तोंडाळ माणूस. रेडिओ मोठ्याने, त्यावर स्वतःचं बोलणं त्याहून मोठ्याने, आणि त्यात सगळं कौतुक स्वतःचंच. त्याची एक विचित्र पद्धत आहे. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती भोकं, किती वाढवायची ते तो गिऱ्हाइकाकडूनच ब्लॉकवर खडूने लिहून घेतो. खाली सही. त्याशिवाय मशीन चालू करत नाही. म्हणे पूर्वी भांडणं फार व्हायची.

त्याने विचारलं, पिस्टन आणलेत का? पिस्टन हातात घेतल्याशिवाय मी बोअर करत नाही, म्हणाला. मी म्हटलं, ऑर्डर दिली आहे. (म्हणजे कार्टमध्ये टाकले आहेत. फक्त पैसे भरायचे राहिलेत.) माप वेबसाइटवर आहे, एक मिलिमीटर वाढवा, तुम्ही कशाला वेळ घालवता? तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं, लिहा. लिहिलं: १ मि.मी. खाली झोकात सही ठोकली.

वेळ वाचवणं ही परचेसवाल्याची खरी कला.

२० मे, मंगळवार
ब्लॉक तयार. आतून आरशासारखा.

प्रीमियम पिस्टनचे पैसे भरायला बसलो आणि हात थांबला. चार पिस्टनांत चिंगीची वर्षाची मेस निघेल. ग्रुपवर बजेटवाल्याने आज फार सुंदर लिहिलं आहे: आपण शर्यतीला चाललोय की कॉलेजला? पटलं. शंभर टक्के पटलं.

तत्त्व सुधारलं: आत बजेट, बाहेर प्रीमियम. आतलं कोण बघतंय? बाहेरचं सगळे बघतात. भिंतीवरचा कागद बदलला. बजेट पिस्टन मागवले. जे पैसे वाचले त्यातून एक लाल झाकण, निळे सिलिकॉनचे पाइप आणि एक उघडा, शंकूसारखा एअर फिल्टर घेतला. तरीही बचतच. हिला हिशेब समजावून सांगितला. तिने फक्त विचारलं, झाकणाने घाट चढते का गाडी?

बायकोशी तांत्रिक विषय बोलायचे नाहीत. ठरलं.

२५ मे, रविवार
गादीचं राहिलं. लाल झाकण आलं होतं, ते बसवून बघण्यात दिवस गेला. इंजिन नाही, पण झाकण काय शोभतंय! चिंगीला बोलावून दाखवलं. छान आहे म्हणाली. मग म्हणाली, गादीचं? मी म्हटलं, पुढच्या रविवारी. नक्की म्हणजे नक्की.

२७ मे, मंगळवार
बजेट पिस्टन आले.

वरून बोअरमध्ये सोडला. खडखडत खालून बाहेर आला आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला.

बजेट पिस्टन जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर मोठे मिळतात. हे त्यांनी जाहिरातीत ठळक छापायला नको? खाली बारीक अक्षरांत आहे. बारीक अक्षरं वाचतो कोण? (ऑफिसात मी वाचतो. तिथे पगार मिळतो.)

ब्लॉक रिक्षात घालून लंगडत खरादवाल्याकडे गेलो. बोअर लहान करून द्या म्हटलं. त्याने रेडिओ बंद केला. पहिल्यांदाच. मग दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की साहेब, मी लोखंड काढतो, परत चिकटवत नाही. आणि खडूतल्या माझ्या सहीवर बोट ठेवलं. माणसाने ब्लॉक धुतला, तासला, पुसला, पण सही तेवढी जपून ठेवली होती! आत नळकांडी बसवून देतो म्हणाला, पण महिन्याची रांग. मी म्हटलं, असली ठिगळं माझ्या इंजिनला नकोत.

अंगठा सुजलाय. डोकं फिरलंय. हिला सांगितलं, पायावर पाना पडला.

२८ मे, बुधवार
प्रीमियम मागवले. मुळात तेच मागवायचे होते. मन सांगतच होतं. ग्रुपवरच्या बजेटवाल्याला ब्लॉक केलं.

पार्सल परदेशातून येतं, तीन ते चार आठवडे. म्हणजे २५ जूनपर्यंत हातात. त्यानंतर अकरा दिवस. सात दिवसांत इंजिन बसवलं तरी चार दिवस टेस्टिंगला. एवढं नीट प्लॅनिंग तर आमच्या मॅनेजरलाही जमत नाही.

जुने, म्हणजे नवेच, बजेट पिस्टन परत घेत नाहीत. असू देत. एक टेबलावर ठेवलाय, त्यात पेनं उभी राहतात.

१ जून, रविवार
चिंगी आणि ही दोघीच गादीच्या दुकानात गेल्या. मी जाणारच होतो, पण ग्रुपवर ऑइलवरून वाद पेटला होता आणि माझ्याशिवाय तिथे समजुतीने बोलणारं कोणी नव्हतं.

ऐन रंगात चिंगीचा फोन. बाबा, कापसाची घडीची घेऊ का? हलकी आहे, स्वस्त आहे, गुंडाळता येते. की फोमची? की स्प्रिंगची? मी म्हटलं, सगळ्यात वरची कुठली? ती म्हणाली, स्प्रिंगची, पण फार मोठी आहे आणि... मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, चिंगे, आयुष्यात एक गोष्ट लक्षात ठेव. घ्यायचं तर प्रीमियम. बजेटने तुझ्या बापाचा अंगठा सुजवलाय. वरची घे!

मागे ही काहीतरी म्हणत होती. फोन ठेवून दिला. बाप म्हणून आज समाधान वाटलं. मुलीची पाठ आयुष्यभर माझं नाव काढील.

२ जून, सोमवार
गादी आली. दोन माणसांनी उचलून आणली. हॉलमध्ये भिंतीला उभी केलीय, टीव्ही दिसेनासा झाला. दुमडत नाही, वाकतसुद्धा नाही. हिला म्हटलं, क्वालिटी कधी वाकत नसते. ही म्हणाली, मग नेणार कशी?

टेप घेऊन खाली गेलो. आपल्या गाडीची मागची सीट आडवी केली की गादी बरोब्बर बसते. पुढे मी आणि ही, मागे गादीवर टेकून चिंगी. राजेशाही प्रवास! उत्तर मिळाल्यावर ही कुकर लावायला गेली. म्हणजे पटलं असावं.

१२ जून, गुरुवार
पार्सल निघालं.

१६ जून, सोमवार
पार्सल कस्टममध्ये. चिंगीने विचारलं, संध्याकाळी नदीकडे चक्कर मारायला येता का, जायच्या आधी एकदा. लहानपणी रोज जायचो, पुलावर उभे राहून रेल्वेचे डबे मोजायचो. एकदाही आमच्या दोघांचा आकडा जुळला नाही. म्हटलं, पार्सल सुटू दे, मग रोज जाऊ.

१९ जून, गुरुवार
पार्सल भलत्याच गावी गेलं. तिथल्या कुरिअरवाल्याशी अर्धा तास भांडलो. तो म्हणतो, काका, तुमचं पार्सल जड आहे, म्हणून दुसऱ्या गाडीत टाकलं. जड आहे! अरे प्रीमियम आहे ते! हलक्या वस्तू वेळेवर पोचतात, जड वस्तूंना गावभर फिरवतात. हा कुठला न्याय?

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पंख्यांच्या पात्यांची ऑर्डर का गेली नाही? मी म्हटलं, तिसरं कोटेशन यायचंय. खरं म्हणजे तीनही आली होती. दिवसभर पार्सल कुठे पोचलं तेच बघत होतो.

२२ जून, रविवार
चिंगीच्या बॅगेची चेन अडकली होती. तिने आणून माझ्यासमोर ठेवली. लहानपणापासून तिच्या सगळ्या चेनी मीच सरळ केल्या. म्हटलं, ठेव, हात तेलकट आहेत, मग बघतो. थोड्या वेळाने बघितलं तर बॅग नव्हती. हिने साबण घासून चेन सोडवली म्हणे.

चिंगीच्या खोलीत कपाट अर्धं रिकामं झालंय. दारातूनच परतलो. पार्किंगमध्ये थिनरची बाटली उघडी राहिली होती, त्याचाच वास डोक्यात गेला. डोळ्यांतून पाणी येत होतं. थिनर फार वाईट.

२८ जून, शनिवार
आले! पिस्टन आले!

काय वस्तू आहे! जड, गुळगुळीत. प्रत्येकाला वेगळी डबी. सगळ्यांना दाखवले. शेजारच्यांनी दार उघडून, बघून, दार लावलं. चिंगीने एक तळहातावर घेतला. म्हणाली, बाबा, केवढा सुंदर आहे, हा आत घालून टाकायचा? जीव अगदी सुपाएवढा झाला. माझी मुलगी!

तीन दिवस उशीर झालाय, पण टेस्टिंगचे चार दिवस होतेच की. त्यातले तीन कापले.

आता फक्त गॅस्केट उरलं. इंजिनच्या दोन भागांमध्ये बसते ती पातळ चकती. प्रीमियम गॅस्केट मागवायचं तर पुन्हा आठवडा, आणि खरं सांगायचं तर क्रेडिट कार्डही आता पुरे म्हणायला लागलंय. कोपऱ्यावरच्या दुकानात साधं मिळालं. पिस्टन प्रीमियम असल्यावर मध्ये कागदासारखी चकती कुठली का असेना! अंतिम तत्त्व: जड वस्तू प्रीमियम, पातळ वस्तू बजेट.

भिंतीवरचे जुने कागद काढून टाकले. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंग निघाला.

३ जुलै, गुरुवार
मंगळवारपासून रजेवर. साहेबांना सांगितलं, घरात मंगलकार्य आहे. मेहुणाही आला होता, दोन दिवस निमूटपणे स्क्रू आवळत होता. आज इंजिन गाडीत बसलं. पाठ मोडली, हात सोलले, पण बसलं. मेहुणा जाताना म्हणाला, दाजी, रविवारी काही अडचण आली तर माझी गाडी आहे. मी म्हटलं, तुझी गाडी तू धुवून ठेव, आम्ही परत येताना तुझ्याकडे जेवायला येऊ.

मध्येच चिंगी येऊन शेजारच्या डब्यावर बसली होती. नुसती बघत होती. मी तिला टॉर्क म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बराच वेळ सांगितलं. ती हो हो म्हणत होती. आमच्यात असा संवाद फार दिवसांनी झाला.

४ जुलै, शुक्रवार
सकाळी
चालू झाली!! पहिल्या किल्लीत!! काय आवाज! सगळे बाल्कनीत आले. ही कणकेच्या हातांनी खाली धावली. चिंगीने टाळ्या वाजवल्या, उड्या मारल्या, दहा वर्षांची असल्यासारखी. दोघींना बसवून गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारली. तिसऱ्या गिअरवर! गल्ली सपाट आहे, पण तिसरा तो तिसरा. चिंगी म्हणाली, बाबा, मला वाटलंच नव्हतं. मी म्हटलं, मला वाटलं होतं.

जे जे हसले त्या सगळ्यांची नावं मनात आहेत. भंगारवाल्यापासून सुरुवात करणार.

संध्याकाळी
मागून पांढरा धूर. आधी वाटलं, नव्या इंजिनचा असतो. मग धूर गल्लीभर झाला, कोणीतरी दारं लावून घेतली. मग पाणी उकळलं. मग ऑइलचं झाकण उघडलं. आत दूध घातलेली कॉफी. पाणी आणि ऑइल एकत्र.

गॅस्केट गेलं. ती पातळ चकती.

दुकानदाराशी भांडून आलो. तो म्हणतो, साहेब, त्या दिवशी दुसरं दाखवलं होतं, तुम्हीच म्हणालात पातळ वस्तू आहे, चालेल. दुकानदारांच्या एवढं सगळं कसं लक्षात राहतं?

५ जुलै, शनिवार
प्रीमियम गॅस्केट मागवलं. मंगळवारी येणार. उद्या रविवार.

जमिनीवर गाडीच्या चाकाला टेकून बसलो होतो. ही चहा घेऊन आली. म्हणाली, उठा, दादा उद्या सकाळी सहाला गाडी घेऊन येतोय. मी म्हटलं, आत्ता आयत्या वेळी त्याला कशाला त्रास? तेव्हा कळलं. मेहुण्याने ही तारीख मे महिन्यापासूनच रिकामी ठेवली होती. ज्या दिवशी कॅरियर भंगारात गेलं, त्याच दिवशी हिने त्याला सांगून ठेवलं होतं. दोन महिने दोघं काही बोलले नाहीत. तो येऊन माझे स्क्रू आवळून जात होता!

एवढा अपमान टेम्पोवाल्याने टाटा केला तेव्हाही वाटला नव्हता. पण रागावू कोणावर? चहा प्यायलो.

६ जुलै, रविवार
सहाला मेहुणा हजर. आला तो गाडी धुवून.

ट्रंक, बादली, बॅगा डिकीत बसल्या. राहिली गादी. डिकीत जाईना. दुमडेना. त्याच्या गाडीची मागची सीट आडवी होत नाही. टपावर कॅरियर नाही. मेहुणा म्हणाला, दाजी, तुमचं कॅरियर असतं तर दोरी बांधून... आणि गप्प बसला. तेवढा सज्जन आहे तो. शेवटी गादी मागच्या सीटवर उभी कोंबली. एका कडेला चिंगीपुरती जागा उरली. पुढे मेहुणा आणि ही.

मी नवा शर्ट घालून, पाण्याची बाटली घेऊन उभा.

चिंगी म्हणाली, बाबा, गादी राहू दे. तिकडे घेऊ साधी. तुम्ही बसा. ही पण म्हणाली, बसा ना हो. मेहुण्याने गादी बाहेर ओढायला हातही घातला. आणि मी काय बोलावं? म्हटलं, छे छे, गादी महत्त्वाची. पाठीशी खेळ नको. मी काय, मंगळवारी गॅस्केट आलं की येतोच, आपल्या गाडीने. चिंगी मग बॅग मांडीवर घेऊन आत बसली. काचेतून हात केला तो मला नीट दिसला नाही, मध्ये गादी होती.

असं का बोललो मी? बसायचं होतं मला. काल रात्रीच शर्टाला इस्त्री केली होती.

दुपारी फोटो आला. घाटात, तोच वळणाचा रस्ता, कडेला तो दगड. अजून तिथेच आहे. चिंगीने मामाला मुद्दाम गाडी थांबवायला लावली म्हणे. खाली लिहिलंय, बाबा, आपला दगड.

रडलो. थिनरची बाटली बंद होती.

७ जुलै, सोमवार
ऑफिसला गेलो. मंगलकार्य कसं झालं, सगळ्यांनी विचारलं. पार पडलं म्हटलं.

संध्याकाळी मेहुण्याची गाडी परत आली. पुढे मेहुणा आणि ही. मागे गादी.

हॉस्टेलची खाट लोखंडी, अरुंद. गादी दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. वॉर्डनबाईंनी चालणार नाही म्हणून सांगितलं. गेटसमोरच्या दुकानातून कापसाची घेतली, घडीची. चिंगीला आवडली म्हणे, गुंडाळून ठेवता येते.

घाट कसा गेला, विचारलं. मेहुणा म्हणाला, दुसऱ्यावर आरामात चढली, कोण मागे लागलं होतं? गादी घाट दोनदा बघून आली. मी खाली उतरून तिला वर न्यायला मदत केली.

८ जुलै, मंगळवार
काल मुद्दाम हॉलमध्ये त्याच गादीवर झोपलो. कुठे टोचत नाही, कुठे दबत नाही, पाठीला काय आधार! मी सांगत होतो तेच खरं. घ्यायचं तर प्रीमियम.

झोप लागली नाही.

गॅस्केट आलंय. पार्सल अजून उघडलं नाही. चिंगीकडे जाणारी बस रविवारी सकाळी असते, असं ही म्हणत होती. साधी आहे आणि एक आरामही आहे. साध्या बसचं तिकीट काढून टाकलं. दुसरं कोटेशन बघितलं नाही.

मग चिंगीला फोन केला. या रविवारी नका येऊ म्हणाली. नव्या मैत्रिणींबरोबर नदीवर जायचं ठरलंय, तिथेही पूल आहे, वरून रेल्वेगाड्या जातात.